सोळा आवर्तनं, नेहमीप्रमाणे

कोपनहेगन, १६ सप्टेंबर २०१३

आदरणीय थोरुपबाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मालेने फ्रिस. थिएटरच्या बॅले विभागात जुने बॅले नव्या मुलांना शिकवायचं काम करते. आधी मीही नाचायचे, पण माझ्या गुडघ्यानं माझ्या आधी राजीनामा दिला. तुमच्याकडे ईमेल नाही आणि फोन तुम्ही उचलत नाही, असं पेन्शन कार्यालयानं सांगितलं, म्हणून हे पत्र.

येत्या ८ फेब्रुवारीपासून आम्ही एका संध्याकाळी तीन छोटे बॅले करतोय. प्रसिद्धी विभागानं या संध्याकाळला 'आठवण आणि प्रीती' असं नाव दिलंय, त्याला माझा इलाज नाही. पहिला 'विसरलेलं वाल्ट्झ'. दुसरा 'पत्रं जाळताना', ज्यात शेवटपर्यंत एकही पत्र जाळलं जात नाही. तिसरा 'दीपगृहातला रविवार'. हा ब्रोर्सन मास्तरांनी तुमच्यावर आणि प्रेबेन स्कोव यांच्यावर बसवला होता, आणि १९७६ नंतर तो कुणीही नाचलेला नाही.

मुलांना मी गोष्ट अशी सांगितली: दीपगृहाच्या रखवालदाराची म्हातारी बायको दिव्याची काच पुसत असते. पुसता पुसता तिला चाळीस वर्षांपूर्वीचा रविवार आठवतो. त्या दिवशी वादळामुळे एक खलाशी तिथं अडकला होता आणि संध्याकाळी निघून गेला. आठवणीत ती पुन्हा तरुण होते, तो परत येतो, आणि मधे संगीताची सोळा आवर्तनं ते दोघंच असतात. चुकत असेन तर सांगा.

अडचण त्या सोळा आवर्तनांचीच आहे. मास्तर काहीच लिहून ठेवत नसत. जे लिहावं लागतं ते नीट नाचलेलं नसतं, असं ते म्हणायचे म्हणे. पण त्या वेळच्या रंगमंच-निरीक्षिका मिस ब्लोक यांनी शाळकरी वहीत सगळं टिपलंय: कोण कुठून आलं, कुठला हात वर, कुठला पाय पुढे. बावीस पानं. फक्त त्या सोळा आवर्तनांसमोर एकच शब्द आहे: 'नेहमीप्रमाणे'.

नेहमीप्रमाणे म्हणजे काय, ते आता जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. एक तुम्ही, दुसरे स्कोव. त्यांनाही लिहिलंय. कळवाल का?

आपली,
मालेने फ्रिस


मार्स्टाल, एरो बेट, २१ सप्टेंबर

चि. मालेने,

फोन मी उचलत नाही, कारण त्यावर नेहमी कुणीतरी विजेची कंपनी बदलायला सांगत असतं.

गोष्ट बरोबर आहे. सोळा आवर्तनं सोबतच्या चार पानांत लिहिली आहेत. सगळं स्वच्छ आठवतं. तीन गिरक्या डावीकडे, मग तो कमरेला धरतो, मग मागे झुकणं, मग पुन्हा गिरक्या. सहाव्या आवर्तनातलं झुकणं अवघड आहे. मुलीला सांग, मान सैल सोड.

ब्लोकबाईंना सगळ्या गोष्टींत नाक खुपसायची सवय होती. एका ठिकाणी त्यांनी लिहायचा कंटाळा केला, यात नवल नाही.

दर मंगळवारी मी इथल्या म्हाताऱ्यांना कवायत शिकवते, त्यामुळे मंगळवारी पत्राला उत्तर मिळणार नाही.

विबेके थोरुप


कोपनहेगन, ९ ऑक्टोबर

आदरणीय थोरुपबाई,

चार पानांबद्दल मनापासून आभार. आम्ही ती बसवून पाहिली. नाचणारी मुलं सिल्ये आणि ऑस्कर. दोघं बावीस वर्षांची, आणि सांगाल ते करतात.

सोळा आवर्तनांना चाळीस सेकंद लागतात. तुमच्या चार पानांना एक मिनिट पाच सेकंद लागले, तेही सिल्ये जीव तोडून नाचली म्हणून. पियानोवादक शेवटी थांबून खिडकीबाहेर बघत बसला. तुम्ही दोघं त्या काळी फार चपळ असाल, एवढंच मी ऑस्करला सांगितलं.

दरम्यान स्कोव यांचं पोस्टकार्ड आलं. जसंच्या तसं देते: 'तिला डोक्यावर उचललं आणि सहा पावलं चाललो. टाळ्या.' गिरक्यांचा उल्लेख नाही. झुकण्याचा नाही.

दोघांच्या आठवणीत एकही पाऊल सारखं नाही. मी हे काम अकरा वर्षं करतेय. म्हातारी माणसं हात विसरतात, डावं-उजवं विसरतात, एकमेकांची नावंही विसरतात, पण असं कधी झालं नव्हतं. राग मानू नका, पण एकदा पुन्हा आठवून पाहाल का?

आपली,
मालेने


मार्स्टाल, १४ ऑक्टोबर

चि. मालेने,

प्रेबेननं मला डोक्यावर उचललं! त्या वर्षी त्याची पाठ अशी होती की बटाट्याची पिशवी उचलायलाही तो लिस्बेतला हाक मारायचा. लिस्बेत म्हणजे त्याची बायको. आमच्याबरोबर समूहात नाचायची, आरशासमोर माझ्या शेजारी बसायची. मला ती फार आवडायची. हे मुद्दाम लिहितेय.

टाळ्या मात्र त्याला बरोबर आठवल्या. टाळ्या तो कधी विसरला नाही.

माझी पानं थोडी लांबली असतील. तिसऱ्या पानावरच्या गिरक्या गाळ.

तो अजून हेल्सिंगोरलाच असतो का? दर नाताळला 'प्रेबेन आणि लिस्बेत' असं लिहिलेलं कार्ड यायचं, अक्षर तिचं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून कार्ड नाही. तब्येत विचारत नाहीये. कार्ड कुठं पाठवायचं ते माहीत असावं म्हणून विचारलं.

विबेके थोरुप


कोपनहेगन, ६ नोव्हेंबर

आदरणीय थोरुपबाई,

स्कोव हेल्सिंगोरच्या वृद्धाश्रमात आहेत. खुब्याचा सांधा बदललाय, काठी घेऊन चालतात आणि तिथल्या परिचारिकांना अजून रंगमंचावरचा नमस्कार कसा करायचा ते शिकवतात. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

आता जरा अवघड विषय. मी तळघरात जाऊन मिस ब्लोक यांच्या रोजच्या नोंदी काढल्या. प्रत्येक खेळाला एक ओळ. 'दीपगृहातला रविवार'चे चौतीस खेळ झाले. पहिल्या दोन खेळांच्या नोंदी साध्या आहेत. तिसऱ्या खेळाची, ११ ऑक्टोबर १९७४ ची, अशी: 'थोरुप, डावा घोटा मुरगळला. सोळा आवर्तनं: उभे राहिले.' चौथ्याला: 'उभे राहिले.' पाचव्यापासून चौतिसाव्यापर्यंत: 'नेहमीप्रमाणे.'

म्हणजे ब्लोकबाईंनी कंटाळा केला नव्हता. तुम्ही दोघं नुसते उभे होतात. तिथं पावलं नाहीतच.

त्याच वहीत एक चिठ्ठी घडी घालून ठेवलेली सापडली. थिएटरच्या डॉक्टरांची, २ नोव्हेंबर १९७४ ची: 'विबेके थोरुप, डावा घोटा पूर्ण बरा. नाचायला हरकत नाही.' खाली ब्लोकबाईंच्या पेन्सिलीनं एकच शब्द: 'पाहिलं.' चिठ्ठी मास्तरांपर्यंत गेली असावी असं वाटत नाही.

मला तुमची उलटतपासणी घ्यायची नाही. पण आमचे संचालक म्हणतात, नाचायला ठेवलेले दोघं संगीत चालू असताना नुसते उभे राहणार असतील, तर तसं का, ते मला सांगा, नाहीतर हा बॅले काढून टाका. त्यांनी छत्र्यांचं एक वाल्ट्झ तयार ठेवलंय. मुदत १५ डिसेंबर.

बऱ्या झालेल्या पायानं तुम्ही पुढचे पंचवीस-तीस खेळ उभ्या का राहिलात?

आपली,
मालेने


मार्स्टाल, १० नोव्हेंबर

मालेने,

घोटा पुन्हा दुखावला होता. आजही दुखतो. डॉक्टरांना काय कळतं? माझा नवरा जनावरांचा डॉक्टर होता, त्यामुळे डॉक्टर लोक मला जवळून ठाऊक आहेत.

छत्र्यांचं वाल्ट्झ छान असेल. लोकांना छत्र्या आवडतात.

वि. थोरुप


कोपनहेगन, २ डिसेंबर

आदरणीय थोरुपबाई,

तीन आठवडे वाट पाहिली. आता मी हात टेकले. पंधरा तारखेला 'दीपगृह' काढून टाकायचं ठरलंय. शिंपीकामाच्या बायका छत्र्या शिवायला लागल्या आहेत. बहात्तर लागणार.

तुमची यात काही चूक नाही. एवढंच सांगायचं राहून जाऊ नये म्हणून लिहिते: गेल्या गुरुवारी, कुणी सांगितलेलं नसताना, मी सिल्ये आणि ऑस्करला त्या जागी नुसतं उभं करून पाहिलं. कसं उभं राहायचं ते मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं. बसची वाट बघावी तसे दोघं उभे होते. तरी वादकानं वाजवणं थांबवून नाक पुसलं.

तिथं काहीतरी होतं. काय, ते आता कळणार नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुम्हाला आणि तुमच्या मंगळवारच्या मंडळींना नाताळच्या शुभेच्छा.

मालेने


मार्स्टाल, ८ डिसेंबर

प्रिय मालेने,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. त्यातली तीन शेगडीत घातली. तुमच्या त्या बॅलेत जाळत नाहीत म्हणतेस, इथं जळतात.

तिसऱ्या खेळाला घोटा खरोखर मुरगळला. पडद्याआड गेले असते, पण प्रेबेननं मला धरलं आणि लोकांकडे पाठ करून माझ्यासमोर उभा राहिला. माझं डोकं त्याच्या खांद्याआड. हळूच म्हणाला, "पाय दुखतोय का गं?" मी म्हटलं, "दुखतोय." तो म्हणाला, "मग उभे राहू." आणि मला दुखण्याचा विसर पडावा म्हणून तो बोलत राहिला. त्याच्या तळघरात पाणी शिरलं होतं आणि त्यात लिस्बेतच्या आईची शिलाई मशीन तरंगत होती. खरं तर मशीन तरंगत नाही, मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, ही तरंगते. तेवढ्यात सोळा आवर्तनं संपली.

मास्तर चिडून लाल झाले. आमच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पुतळे हवे असते तर मी संगमरवर मागवला असता." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की इतकं धाडसी मौन रंगमंचावर कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मास्तर सगळ्यांना सांगत होते की ही कल्पना त्यांना आंघोळ करताना सुचली.

तीन आठवड्यांत पाय बरा झाला. मी सांगितलं नाही. रोज प्रेबेन विचारायचा, पाय दुखतोय का गं, आणि रोज मी म्हणायचे, दुखतोय. मग तो म्हणायचा, मग उभे राहू. मग बोलायचा. त्याच्या शेजाऱ्याचं कुत्रं. मासळीवाल्यानं दिलेली शिळी हेरिंग. लिस्बेतच्या बहिणीचं लग्न. मी ऐकायचे. कधी एखादं वाक्य बोलायचे. पडद्याआड गेल्यावर आम्ही एकमेकांशी फारसं बोलतही नव्हतो.

तू विचारशील म्हणून सांगते: बाकी काही नव्हतं. कधीच नाही. त्याची बायको माझ्या शेजारी बसायची, आणि माझं लग्न अक्सेलशी ठरलेलं होतं. दर पंधरा दिवसांनी तो एरोहून अंड्यांची टोपली घेऊन यायचा. अक्सेल चांगला माणूस होता. तेहतीस वर्षं मी त्याच्याबरोबर सुखानं राहिले, आणि चार वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा खूप रडले. हे सगळं खरं आहे, आणि त्या दोन हंगामांत, चौदाशे लोकांसमोर, माझा त्या दुसऱ्या माणसावर जीव होता, हेही खरं आहे.

बत्तीस वेळा आम्ही उभे राहिलो. प्रत्येकी चाळीस सेकंद. एकूण एकवीस मिनिटं वीस सेकंद. मी कागदावर मांडून पाहिलंय.

आता मला काय भीती आहे ते ऐक. प्रेबेन दयेनं उभा होता. दुखऱ्या पायाच्या मुलीला त्यानं आधार दिला, तो तसाच होता, कुणालाही दिला असता. पाय बरा होता आणि मी त्याला फसवत होते हे त्याला कळलं, तर त्याच्या लेखी ती एक थाप होईल. मग माझ्याकडे ती एकवीस मिनिटंही राहणार नाहीत. म्हणून तुला चार पानं गिरक्या लिहून पाठवल्या. स्वयंपाकघरात, टेबलावर दोन बटाटे नाचवून रचल्या होत्या. मास्तरांचं एकही पाऊल मला आठवत नाही.

तुझ्या संचालकांना सांग: नाचणारी जखमी झाली, नाचणारा तिच्यासाठी थांबला, मास्तरांनी ते ठेवलं. एवढ्यानं त्यांचं समाधान व्हावं. उरलेलं तू ठेवून घे. प्रेबेनला डॉक्टरच्या चिठ्ठीबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. वचन दे.

मुलीचं कपाळ त्याच्या खांद्याला लागू दे. आणि त्यांना बोलायला सांग. मनात नाही, तोंडानं.

तुझी,
विबेके


हेल्सिंगोर, १३ डिसेंबर

मालेने, बाळ,

तुझं पत्र पोचलं. 'दीपगृह' आता काढणार नाहीत म्हणतेस. छान झालं. माझ्या वयाच्या माणसाला छत्र्यांशी सामना करायला लावणं बरं नव्हतं. आणि हो, उचललं नव्हतं मी तिला. थाप मारली. पंधरा वर्षांपूर्वी मारली असती तर तूही विश्वास ठेवला असतास.

तू नुसतं विचारलंस, 'त्या उभं राहण्याबद्दल काही आठवतं का?' पायाबद्दल काही लिहिलं नाहीस, पण तळघरात जाऊन आलीस एवढं लिहिलंस, आणि ब्लोकबाई काय काय जपून ठेवायच्या ते मला ठाऊक आहे. तेव्हा माझ्याकडूनच ऐक.

पाय बरा झाला होता. मला माहीत होतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी चौकातल्या बेकरीत बसून केक खात होतो, आणि खिडकीतून पाहिलं तर विबेके बसमागे धावतेय. धावणं म्हणजे काय धावणं! ड्रायव्हरनं घाबरून बस थांबवली. त्याच संध्याकाळी रंगमंचावर मी विचारलं, "पाय दुखतोय का गं?" मान खाली घालून म्हणाली, "दुखतोय." असा आवाज काढला की माझ्याच पायात कळ आली.

मी म्हटलं, मग उभे राहू.

पुढे रोज विचारत राहिलो. मी विचारलं नसतं, तर तिला खोटं बोलायला जागा कुठून मिळाली असती? आणि ती खरं बोलली असती, तर मला नाचावं लागलं असतं. एका समीक्षकानं लिहिलं की स्कोवची पाठ बोलते. पाठ कुठली बोलतेय, मी बोलत होतो. दिवसभर मी तिला सांगण्यासारखं काहीतरी शोधत फिरायचो. आमचं तळघर कोरडं ठणठणीत होतं. शेजाऱ्याकडे कुत्रं नव्हतं.

लिस्बेतवर माझं प्रेम होतं आणि शेवटपर्यंत राहिलं. त्यात या चाळीस सेकंदांमुळे काही कमी झालं असेल तर ते तिला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि ती बोलली नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी होती.

विबेकेला यातलं काही कळू द्यायचं नाही. मला माहीत होतं हे तिला कळलं तर ती शरमेनं मान वर करणार नाही. आणि नाही शरमली, तर विचारेल, मग तू गप्प का बसलास? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला त्याचं उत्तर द्यायचा धीर नाही. वचन दे, बाळ.

तिकीट देशील ना? शक्यतो मधल्या रांगेत. काठी लागते, म्हणून कडेची जागा.

तुझा,
प्रेबेन स्कोव


कोपनहेगन, २० जानेवारी २०१४

प्रिय विबेकेबाई,

वचन दिलं होतं, ते पाळलंय. स्कोव यांना मी चिठ्ठीबद्दल काही सांगितलेलं नाही. त्यांनी मला काय लिहिलं हे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण वचन देण्याची मला आता सवय लागली आहे. माझ्या खणात दोन पत्रं शेजारी शेजारी होती. मधे एक जाड फाईल घालून ठेवलीय.

संचालकांचं समाधान झालं. 'जखम' हा शब्द ऐकल्यावर ते एकदम गंभीर झाले आणि माहितीपत्रकात तो घाला म्हणाले. छत्र्या मुलांच्या नाताळच्या कार्यक्रमात खपल्या.

सिल्ये आणि ऑस्करनं मात्र माझ्या नाकी नऊ आणले. आजच्या मुलांना माणसाच्या उंचीएवढं उडता येतं, पण चाळीस सेकंद उभं राहता येत नाही. चौथ्या आवर्तनाला ऑस्करचे खांदे वळवळायला लागतात. बोला म्हटलं तर पहिल्या दिवशी दोघं मोठ्यानं आकडे मोजत होते. मग मी ऑस्करला सांगितलं, तू रोज तिला विचार, भूक लागली का, आणि सिल्ये, तू रोज नाही म्हण. सिल्ये म्हणाली, "पण मला लागलेली असते." मी म्हटलं, म्हणूनच.  काल तिनं 'नाही' म्हटलं, आणि ऑस्करचे खांदे पहिल्यांदा खाली आले. पुढे तो तिला काय सांगत होता ते मला ऐकू आलं नाही. त्याची पाठ माझ्याकडे होती.

सोबत पहिल्या खेळाचं तिकीट आहे. नववी रांग, कडेपासून दुसरी खुर्ची. फेरीबोट हिवाळ्यात डोलते आणि तुमचा घोटा दुखतो, हे मला ठाऊक आहे. तरी या.

तुमची,
मालेने


मार्स्टाल, ११ फेब्रुवारी

मालेने,

आज मंगळवार. म्हाताऱ्यांना सुट्टी दिली आणि तुला लिहायला बसले.

कडेपासून दुसरी खुर्ची म्हणजे कडेच्या खुर्चीवर कुणीतरी असणार, हे मला फेरीत बसल्यावर सुचलं. तेव्हा उतरता येत नव्हतं. तो आधीच येऊन बसला होता, काठी गुडघ्यांमधे. टक्कल पडलंय. मी समोर उभी राहिल्यावर म्हणाला, "तू आत जा, मला पाय पसरायला लागतात." अडतीस वर्षांनी पहिलं वाक्य.

'विसरलेलं वाल्ट्झ' चांगलं होतं. 'पत्रं जाळताना' लांबलं. मध्यंतरात त्यानं लंगडत जाऊन दोन कॉफ्या आणल्या आणि माझ्या कॉफीत साखर घातली. मी साखर घेत नाही. प्यायले.

मग आपला बॅले. तुझी मुलगी मान छान सैल सोडते, बटाट्यांनाही तेवढं जमलं नव्हतं. आणि मग ती सोळा आवर्तनं आली. मुलानं पाठ केली, मुलीनं कपाळ टेकलं.  मी दोन्ही हात पर्सवर गच्च धरून बसले होते, कारण आता रडायचं नाही असं फेरीतच ठरवलं होतं.

प्रेबेन समोर बघतच जरासा कलला आणि हळूच म्हणाला, "पाय दुखतोय का गं?"

स्टेशनपासून थिएटरपर्यंत चालत आले होते. बर्फ होता. घोटा ठणकत होता. मी म्हटलं, "दुखतोय. या वेळी खरंच."

मी काय बोलून गेले ते मला बोलल्यावर कळलं. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट अशी तीन शब्दांत तोंडातून निघून गेली, आणि परत घ्यायला वेळ नव्हता, दहावं आवर्तन चालू होतं. 

तो म्हणाला, "हो, मघाशी येताना दिसलं. त्या वेळी बसमागे चांगली धावली होतीस."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो समोरच बघत होता. कान लाल झाले होते.

"कधी?" मी विचारलं.

"पहिल्याच नोव्हेंबरात. मी केक खात होतो."

"आणि तळघर?"

"कोरडं," तो म्हणाला.

मग आवर्तनं संपली, म्हणून बोलणं थांबलं. शेवटी सगळे उठून टाळ्या वाजवत होते. आम्ही दोघंच बसून होतो. मागच्या बाई चिडून म्हणाल्या, काही लोकांना कशाचंच कौतुक नसतं. प्रेबेननं वळून त्यांना नीट, अगदी पडद्यासमोरचा नमस्कार केला. दिवे लागले, लोक गेले, झाडणारी बाई रांगेच्या टोकाला येऊन उभी राहिली. त्यानं तिला सांगितलं, "हिचा पाय दुखतोय, जरा बसतो." ती म्हणाली, बसा. बसलो. तो मला वृद्धाश्रमातल्या एका पोपटाबद्दल सांगत होता. पोपट असेलच असं नाही.

तुझ्याकडे दोन्ही पत्रं होती. दोन महिने तू तोंड शिवून बसलीस. तुला रागवायचं असं मी परतीच्या फेरीत ठरवलं होतं, पण दिवस मावळला तरी राग येईना. आता मधली ती फाईल काढून टाकायला हरकत नाही.

माहितीपत्रकात लिहिलंय की अजून दहा खेळ आहेत. दहाच्या दहा खेळांची तिकिटं हवीत, त्याच दोन खुर्च्या. मी कोपनहेगनला भाचीकडे राहीन, कोंबड्या शेजारी बघतील. मांडून पाहिलं: पहिल्या खेळाचे चाळीस सेकंद आणि हे दहा खेळ धरून एकूण अठ्ठावीस मिनिटं चाळीस सेकंद होतात.

प्रेबेनला तू कळव. तो विचारेलच, पण त्याला आधीच सांगून ठेव, पाय दुखतोय.

तुझी,
विबेके